२८ वर्षं कपाटात

माझी उमेदीची वर्षं स्टुडिओत टेप चढवण्या-उतरवण्यात गेली. त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो: गाणं ध्वनिमुद्रित झालं की ते गाणाऱ्याच्या हातातून गेलं. टेप डब्यात जाते, डब्यावर चिठ्ठी चिकटते, डबा कंपनीच्या कपाटात जातो आणि किल्ली कंपनीकडे राहते. अमेरिकेतल्या बेटी लव्हेट या सोल गायिकेची कारकीर्द या व्यवहारानेच गिळली.

तिचा जन्म १९४६चा, मिशिगनमधल्या मस्किगनचा. वाढली डेट्रॉइटमध्ये. आईवडील घरीच मक्याची दारू विकत आणि बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता. फिरतीवरच्या गॉस्पेल मंडळ्या तिथे हमखास थांबत. त्या काळातले बहुतेक सोल गायक चर्चमध्ये गाऊन तयार झाले. बेटीचे कान मात्र या ज्यूकबॉक्सने तयार केले. तिच्या गाण्यातला रोखठोकपणा तिथलाच असावा, असं मला वाटतं.

१९६२ मध्ये, सोळाव्या वर्षी, जॉनी मे मॅथ्यूज या डेट्रॉइटच्या निर्मातीने तिची पहिली तबकडी काढली. ती अटलांटिक कंपनीने उचलली आणि गाणं आर अँड बी यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅला या छोट्या कंपनीसाठी तिने ‘लेट मी डाउन ईझी’ गायलं. हे गाणं मी नेहमी हेडफोनवर ऐकतो. मागे तंतुवाद्यांचे तुटक आघात चालू असतात आणि तिचा आवाज ओळीच्या शेवटी खरखरतो, फाटायला येतो, पण फाटत नाही. हा ताबा अवघ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा आहे. यादीत गाणं विसाव्या क्रमांकावर थांबलं. एकेका गाण्याच्या तबकड्यांवर धंदा चालायचा तो काळ. एखादं गाणं तुफान चाललं तरच कंपनी एलपीचा खर्च करायची. बेटीच्या वाट्याला अनेक कंपन्या आल्या, एलपी आली नाही.

ती १९७२ मध्ये येणार होती. अलाबामातलं मसल शोल्स हे सोलच्या ध्वनिमुद्रणाचं तेव्हाचं मोठं ठिकाण. तिथे ब्रॅड शपिरोच्या देखरेखीखाली अटलांटिकसाठी तिचा अख्खा अल्बम तयार झाला. नावही ठरलं, ‘चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज’. मग कंपनीने तो बाजारात आणायचं रद्द केलं. ही बातमी कळल्यावर आपण जेवणाच्या टेबलाखाली जाऊन पडलो, असं तिने पुढे सांगितलं आहे.

पण तिने गाणं थांबवलं नाही. ‘बबलिंग ब्राउन शुगर’ या संगीत नाटकात ती कॅब कॅलोवेसारख्या जुन्या खोडांबरोबर उभी राहिली. डेट्रॉइटच्या लहान क्लबांत गात राहिली. पहिली एलपी निघाली १९८२ मध्ये, मोटाउनकडून. पहिल्या तबकडीनंतर तब्बल २० वर्षांनी. तीही फारशी चालली नाही.

‘चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज’ची मूळ टेप आगीत गेली, असा अटलांटिकचा समज होता. जील पेतार या फ्रेंच संग्राहकाने ती शोधून काढली, परवाना घेतला आणि २००० साली ‘सुव्हेनिर्स’ नावाने प्रसिद्ध केली. त्यानंतर दारं उघडली. २००५ मध्ये जो हेन्री या निर्मात्याने तिचा केवळ स्त्रियांनी लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम केला. २००७चा ‘द सीन ऑफ द क्राइम’ तिने पुन्हा मसल शोल्सलाच केला आणि डेव्हिड हूड या तिथल्या जुन्या बासवादकाने त्यातही साथ केली. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीआधीच्या मैफलीत ती लिंकन स्मारकासमोर गायली.

उशिरा का होईना, चीज झालं, असं लोक म्हणतात. मला हे समाधान पटत नाही. ‘सुव्हेनिर्स’मध्ये सव्वीस वर्षांची बेटी ऐकू येते आणि २००५ मध्ये एकोणसाठ वर्षांची. या दोन आवाजांच्या मधली, ऐन भरातली गायकी बहुतांशी क्लबांच्या भिंतींनीच ऐकली. ती आता कुठल्याही कपाटात सापडणार नाही. याला नशीब म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तयार अल्बम डब्यात ठेवायचं माणसांनी ठरवलं होतं आणि सोलच्या इतिहासात हे असंच नोंदवलं गेलं पाहिजे.