सुरतेच्या वाटेवरचं थाळनेर

दिवाळीच्या सुट्टीत कोकण करून आलेली मंडळी मला मोबाईलवर फोटो दाखवतात. एका अंगाला समुद्र, वर किल्ला, खाली देऊळ, खाडीत बगळे. मी म्हणतो, भाऊ, समुद्र सोडला तर हे सगळं आपल्या रस्त्यावर आहे, आणि आपला रस्ताही समुद्रालाच मिळायचा, सुरतेला.

चोपडा डेपोत एस.टी.चा ड्रायव्हर होतो, तेव्हा शिरपूर-चोपडा-यावल-फैजपूर-रावेर हाच माझा पट्टा. पूर्वेला निघालं की डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे केळीच्या बागांपलीकडे कुठेतरी तापी. पाटीवर आज अंकलेश्वर-बुऱ्हाणपूर महामार्ग लिहिलेलं असतं. पण 1610 मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून निघाला तो व्यारा, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असं करत बुऱ्हाणपूरला पोचला. शिंदखेड्यापासून पुढची गावं वाचली की मला आमचं टाइमटेबल आठवतं. 1615 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो हाही सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला. तिथे शहाजादा परवेझ दरबार भरवून बसला होता.

मला पडलेला प्रश्न ड्रायव्हरचा आहे. शिंदखेडा नदीच्या दक्षिणेला, थाळनेर उत्तरेला. एवढी मोठी नदी मालाच्या गाड्या ओलांडायच्या कुठे? तापीचे काठ बघा, बऱ्याच ठिकाणी भिंतीसारखे उभे. भरली गाडी खाली उतरवली तर वर चढायची नाही. वर काठाला काळी जमीन. पावसाळ्यात चाकाला चिकटलेला चिखल कुदळीने खरवडावा लागतो, हे ज्याने बैलगाडी हाकली त्याला सांगायला नको. म्हणून नदीला उतार जिथे, वाट तिथेच. तो उतार थाळनेरला होता आणि त्याच्या डोक्यावर किल्ला होता. इतिहासाच्या पुस्तकांत राजाने राजधानी वसवली आणि मग व्यापार वाढला असं असतं. मला ते उलटं वाटतं. गाड्या जिथे थांबणारच, तिथे राजा येऊन बसला.

तो राजा म्हणजे मलिक राजा फारुकी. फिरोजशहा तुघलकाने 1370 मध्ये त्याला थाळनेरची जहागीर दिली आणि त्यातून खान्देशचं फारुकी राज्य उभं राहिलं. 1399 मध्ये तो वारला, त्याला थाळनेरलाच पुरलं. पुढे मुलाने बुऱ्हाणपूर वसवलं, तरी काही पिढ्या घराण्यातली माणसं मातीला इथेच येत राहिली. गावात त्यांच्या कबरींना हजिरे म्हणतात. त्यातला अष्टकोनी हजिरा जवळ जाऊन बघावा. दगड पानाफुलांसारखा बारीक कोरलेला आहे, आणि हात लावला की खडबडीत लागतो, इतका उन्हापावसाने खाल्लाय. लता मंगेशकरांच्या आईचं, माईंचं, माहेर थाळनेर, हे मात्र गावातलं शेंबडं पोरही सांगेल. हजिरे कुणाचे विचारा, मग बघा.

वाटेवरून जायचं काय, तर बुऱ्हाणपूरचं कापड. तलम, छापील, जरीचं. ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की ते इराण, तुर्कस्तान, पार रशियापर्यंत जायचं. त्याने नवापूरच्या तांदळाचंही कौतुक केलंय, कस्तुरीसारखा वास येतो म्हणून. नवापूरकरांनी हे दुकानाच्या पाटीवर लिहायला हवं.

पुढे सुरतेचं बंदर मागे पडलं, मुंबई वर आली, तशी वाट सुकली. थाळनेरचा शेवट वाईट झाला. होळकरांनी 1818 च्या तहात किल्ला इंग्रजांना दिला, पण किल्लेदार तुळशीराम मामा खाली करेना. फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपच्या फौजेने दरवाजे फोडले, गोंधळात आत शिरलेले दोन इंग्रज अधिकारी मारले गेले आणि मग शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. वर धन्याचा हुकूम मोडला म्हणून दोषही त्यालाच. मला तो दोष कधी पटला नाही. हुकूम खरा की खोटा, हे दारात तोफा आल्यावर त्याने कुणाला विचारायचं? आता नदीच्या अंगाची थोडी तटबंदी उरली आहे, बाकी माती.

जायचं तर पावसाळा सरल्यावर जा. शिरपुराहून आधी थाळनेर करा, कारण महामार्ग आता गावातून जात नाही आणि घाईत ते राहूनच जातं. चोपड्यापुढे अडावदला वळलात तर उनपदेवचं गरम पाण्याचं कुंड आहे. यावलच्या अभयारण्यात अस्वल, बिबट्या आहेत. दिसतीलच असं नाही, साग आणि सालई नक्की दिसेल. पक्षी बघायचे असतील तर हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात सकाळी लवकर पोचा, चक्रवाक येतात. तिथून चांगदेवचं कोरीव देऊळ जवळ आहे, तापी-पूर्णेच्या संगमावर. आणि केळीचे ट्रक पुढे असतील तर वळणावर ओव्हरटेक करू नका.