खडू धरणारा हात

दिवाळीची सुट्टी संपते, महाविद्यालय उघडते आणि दीर्घ आजारातून उठलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या मनात धाकधूक सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालयच आहे. तेव्हा दाखला देणारे डॉक्टर तिथे दूर नाहीत. अवघड आहे ते पुढेच. ‘कामास योग्य’ एवढ्या दोन शब्दांत माणूस मावतो का?

वाचकहो, हा प्रश्न जुना आहे. पुण्यात २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज निघाले. त्याचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या जागी आगरकर आले, तेही दम्याने गांजलेले. धाप लागे, पण बुद्धी आणि लेखणी थकली नव्हती. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा त्यांची ३९ वर्षेही पुरी झाली नव्हती. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, ही आठवण आजही सांगतात. आजारी शिक्षकाला घराची चिंता कशी पोखरते, हे त्या पुरचुंडीवरून कळते.

पुढे शंभर वर्षांनी कायदा या चिंतेकडे वळला. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी सेवकाला काढू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे. तसेही जमले नाही तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्याला सांभाळावे, असे १९९५ च्या अधिनियमाने सांगितले. २०१६ च्या अधिनियमाने हे संरक्षण कायम ठेवले आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही त्याच्या कक्षेत आहेत. मात्र हे संरक्षण कायद्याने मानलेल्या अपंगत्वालाच आहे. साध्या दुखण्याला आधार रजेचा आणि सहकाऱ्यांच्या समजुतीचा.

म्हणून दाखला हाती आला की प्राचार्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: “सर, यातले काय जमेल?” दुसऱ्या मजल्याचा जिना चढवत नसेल, तर वर्ग तळमजल्यावर आणता येतो. आवाज बसला असेल, तर ग्रंथालय आहे, संशोधनाचे मार्गदर्शन आहे. हे विचारणारा कोणी आहे असे कळले, की आजार लपवून वर्गात उभे राहण्याची पाळी कुणावर येत नाही.

खडू धरणारा हात थरथरला, म्हणून त्याने शिकवलेले खोटे ठरत नाही.