अनोळखी जिन्नस आणि आचारी

नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझा मुक्काम चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर ६७ मध्ये आहे. एकट्या माणसाचा संसार. त्यामुळे रात्रीचे जेवण जवळच्याच एका भोजनगृहात होते. तेथे भिंतीवर दूरचित्रवाणीचा संच लावलेला आहे, आणि जेवणाऱ्यांची आवड अशी की, जेवता जेवताही दुसऱ्यांचा स्वयंपाकच पाहावयाचा! एके रात्री कुठल्याशा वाहिनीवर पाकस्पर्धा चालू होती. स्पर्धकांपुढे झाकलेली तबके आली. झाकण उचलले, तो आत आमसुले. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षे काढलेला एक आचारी त्यांतले एक आमसूल उचलून उजेडात धरतो, वास घेतो, आणि हा आलूबुखाऱ्याचाच काही प्रकार असावा, असे म्हणून ते साखरेच्या पाकात टाकतो. मला हसू आवरले नाही. पण माझ्यामागे ताट वाढावयास उभा असलेला भोजनगृहाचा गढवाली आचारी हसला नाही. तो संचाकडे टक लावून पाहत होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने मला विचारले, “साहेब, ती काळी वस्तू काय होती?”

त्या प्रश्नामुळेच या विषयाचा विचार मी करू लागलो, आणि तोच आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहे.

अशा स्पर्धांची टूम तशी जुनी नाही. १९९३ साली जपानच्या फुजी दूरचित्रवाणीने ‘र्‍योरी नो तेत्सुजिन’, म्हणजे पाकविद्येतले पोलादी पुरुष, हा कार्यक्रम सुरू केला. दोन निष्णात आचारी समोरासमोर, एकच मुख्य जिन्नस, तो ऐन वेळी जाहीर व्हावयाचा, आणि हाती अवघा एक तास. १९९९ पर्यंत ही नित्याची मालिका चालली. पुढे २००९ साली अमेरिकेत ‘चॉप्ड’ आला. त्यात चार व्यावसायिक आचाऱ्यांपुढे टोपली येते. तिच्यातले जिन्नस एकमेकांशी कधी न बोललेले. पहिल्या पदार्थाला वीस मिनिटे, पुढच्या दोहोंना तीस-तीस. आपल्याकडे २०१० पासून ‘मास्टरशेफ इंडिया’ दिसू लागला. मात्र त्यात उतरतात ते बहुधा हौशी लोक. हौशी माणूस चुकला तर आपण त्याचे कौतुक करतो. धंदेवाईक आचारी चुकला तर त्याची आयुष्यभराची पुंजी वीस मिनिटांत डावावर लागते. या खेळातली गोडी, आणि मला वाटते त्यातला थोडा क्रूरपणाही, येथेच आहे.

पण अनोळखी जिन्नस पुढे येणे ही आचाऱ्याच्या धंद्यातली नवी गोष्ट आहे काय? आपल्या मराठी मुलखापुरते बोलावयाचे, तर गेल्या पाचशे वर्षांत येथल्या आचाऱ्याने दुसरे केले तरी काय, असा प्रश्न पडतो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात वडे आहेत, मांडे-पोळ्यांचे पूर्वज आहेत, इडलीची आजी शोभावी अशी ‘इडरिका’ आहे, नाना तऱ्हेची मांसे आहेत. तिखटपणासाठी मिरे आहेत, आले आहे. नाही ती फक्त मिरची. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही. असावयाचे कसे? हे सारे जिन्नस तेव्हा अमेरिका खंडात होते, आणि त्या खंडाची वार्ता आपल्या गोलार्धाला १४९२ नंतर लागली. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, १५१० साली त्यांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या गलबतांतून एकेक पाहुणा आपल्या किनाऱ्याला लागला.

या पाहुण्यांचे स्वागत कसे झाले, हे आपली भाषाच सांगते. काही जण आपले नाव घेऊनच आले: बटाटा, काजू, अननस, पपई, हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडचे. पेरूच्या नावात तर दक्षिण अमेरिकेतला एक अख्खा देश ऐकू येतो. काहींना आपण घरच्याच आप्तांचे नाव दिले. जिभेला चटका बसला तो मिऱ्यासारखा, म्हणून ती ‘मिरची’. आणि मिरचीचीच फुगीर बहीण आली तेव्हा ती ‘भोपळी मिरची’. सीताफळाला वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेतले मानतात; आपण त्याला थेट रामायणात नेऊन बसविले, आणि त्याच्या भावाला रामफळ केले! अनोळखी वस्तू पाहताच ‘ही कशासारखी आहे?’ असे आधी विचारावयाचे, ही आचाऱ्याची पहिली युक्ती. आमसुलाला आलूबुखारा म्हणणारा तो स्पर्धक या जुन्या वाटेनेच चालला होता; फक्त त्याला वेळ थोडा मिळाला. मिरचीला पुष्कळ मिळाला.

बटाट्याला तर त्याहून अधिक. किनाऱ्यावर येऊनही तो आपल्या पानात नित्याचा झाला इंग्रजी अमलात. महाबळेश्वरी १८३४ ते १८६४ या काळात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी तेथे बटाटे आणि इतर विलायती भाज्या पिकविल्या, व आसपासच्या लोकांना ती लागवड त्यांच्यापासून कळली, असे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात नमूद आहे. आज आपल्या कांदे-बटाट्याच्या रश्श्यामागे कोणा निनावी चिनी बंदिवानाचे हात आहेत, ही गोष्ट मला कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून कमी मोलाची वाटत नाही.

आता उपवासाचा प्रकार पाहा. पाकस्पर्धेत जशी अट असते, तशी एकादशीची अट: धान्य चालणार नाही. या अटीत आमच्या स्वयंपाकघराने काय बसविले? साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळे, राजगिरा, हिरवी मिरची. या ताटातला बहुतेक प्रत्येक जिन्नस मूळचा अमेरिकेतला. साबुदाणा पूर्वी मलायाकडील ताडजातीच्या झाडाच्या गरापासून होई. दुसऱ्या महायुद्धात ती आवक तुटली, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात टॅपिओका कंदापासून तो करण्याचा उद्योग वाढला. आणि तो कंदही दक्षिण अमेरिकेचाच. याउलट आपली शेकडो वर्षांची हळद अनेक घरांत उपवासाला वर्ज्य! नव्या वस्तूंचे नाव निषेधाच्या जुन्या याद्यांत नव्हते, म्हणून त्यांना आडकाठी झाली नाही, असे दिसते. इकडे पंजाबात नवरात्रात बाजारात कुट्टूचे आणि शिंगाड्याचे पीठ विकावयास येते. बटाटा मात्र तेथेही आहेच. शास्त्र्याने पोथी उघडण्यापूर्वीच हा निकाल चुलीपाशी लागून गेला असला पाहिजे.

व्यावसायिक आचाऱ्याची कसोटी पाहावयाची तर तंजावरास जावे लागेल. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे मराठ्यांचे राज्य स्थापिले. देशावरून गेलेली माणसे एकदम चिंचेच्या, नारळाच्या आणि तांदळाच्या मुलखात पडली. त्याच घराण्याच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याचा काळ १६७५ ते १७०० असा ठरविला, आणि त्याच्या आधाराने जिलेबीसारख्या पदार्थाचाही इतिहास लिहून दाखविला. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा तर मराठीतलाच पाकग्रंथ. सरस्वती महाल ग्रंथालयाने तो प्रसिद्ध केला आहे.

तंजावरची सर्वांत लोकप्रिय कथा मात्र या ग्रंथांबाहेरची आहे. शहाजीराजांच्या (हे व्यंकोजींचे पुत्र; राज्यकाल १६८४ ते १७१२) मुदपाकखान्यात एकदा आमसुले संपली. पाहुणे दारात. मग आमटीला चिंच घातली, आणि पाहुणे संभाजीराजे म्हणून त्या पदार्थाचे नाव ‘सांबार’ पडले. ही दंतकथा म्हणूनच घ्यावी. चिंचेचे कालवण तमिळ घरांना मराठ्यांनी शिकवावे, हे संभवनीय नाही. आणि विदर्भात तर कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्याची वाट कशी लावावयाची? परंतु या कथेत मला एक गोष्ट खटकते, आणि ती व्युत्पत्तीची नव्हे. कित्येक जण ही कथा सांगताना पळी खुद्द राजाच्या हाती देतात. जिन्नस संपला आचाऱ्याचा, घाम फुटला आचाऱ्याला, तोड काढली असेल तर त्यानेच. नाव मात्र उरले दोन राजांचे.

आमच्या परंपरेत नाव राहिले ते ज्यांनी आचाऱ्याचे सोंग घेतले त्यांचे. विराटाच्या घरी भीम बल्लव झाला. त्यावरून आपण आजही आचाऱ्याला बल्लवाचार्य म्हणतो. नळ बाहुक होऊन राबला, आणि त्याच्या हातच्या मांसाची चव घेऊन दमयंतीने नवरा ओळखला. चवीवरून माणूस ओळखता येतो हे व्यासांना ठाऊक होते. पण ओळखला गेला तो राजा होता म्हणून. या दृष्टीने पाहता दूरचित्रवाणीचे एक ऋण मान्य केले पाहिजे. चेन केनिची हा त्या जपानी कार्यक्रमातला चिनी पाकपद्धतीचा आचारी २०२३ साली वारला, तेव्हा जगभर त्याच्या नावाने हळहळ व्यक्त झाली. त्याचे वडील चेन केनमिन सिचुआनहून १९५२ साली जपानात आले, आणि तेथल्या जिभांना सोसेल अशा बेताने आपल्या मुलखाचे झणझणीत ‘मापो तोफू’ त्यांनी बदलून घेतले. मुलाची कसोटी तासाभराची होती, बापाची जन्मभराची.

जन्मभराच्या नव्हे, पण वर्ष-दोन वर्षांच्या अशा कसोटीतून आपला सारा महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात गेला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना चिरत जाई, असे माझी आजी सांगे. मग उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, तांदळाच्या भाकरीची रीत तिला लावून, बायकांनी ती कशीबशी तव्यावर नेली. तेथे परीक्षक नव्हते. ताटाशी भुकेली मुले होती.

आमच्या भोजनगृहाच्या आचाऱ्याला मी सुट्टीवरून परतताना आमसुलांचा एक डबा आणून दिला. त्याने लगेच भांडे चुलीवर ठेवले नाही. एक आमसूल दाताखाली धरले, दुसरे पाण्यात टाकले, आणि अर्ध्या तासाने पाण्याचा रंग पाहून मला तीन प्रश्न विचारले: हे उकळल्यावर आंबटपणा वाढतो की मरतो? दुधाशी जमते काय? आणि तुमच्याकडे हे कोणत्या डाळीत घालतात? एवढी विचारपूस त्या स्पर्धेतल्या आचाऱ्याने केली नव्हती, कारण विचारावयास त्याच्यापाशी कोणी नव्हते. दोन दिवसांनी माझ्या पानात तुरीची आमटी आली. गूळ जरा बेताचाच होता. पण ती आमटी होती.

पुढे महिना-दीड महिना दर गुरुवारी ती होत राहिली. मग एका गुरुवारी तो डबा उलटा करून दाखवीत म्हणाला, “संपले, साहेब.” त्या रात्री त्याने डाळीत अनारदाणा कुटून घातला, आणि मी जेवेपर्यंत शेजारी उभा राहिला.