गॅरेज-दाराची स्प्रिंग

वर सरकणाऱ्या गॅरेज-दाराचे वजन तोलून धरणारी पोलादी वेटोळ्यांची स्प्रिंग. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी 1921 मध्ये वर उचलले जाणारे सांधेदार दार तयार केले आणि 1926 मध्ये ते विजेवर चालवले.

स्प्रिंगचे मुख्य प्रकार दोन. टॉर्शन स्प्रिंग दारावरच्या आडव्या दांड्यावर बसते व पिळातून ऊर्जा साठवते [→ स्थितिस्थापकता]. दांड्याच्या टोकांवरील कप्प्या तारदोर गुंडाळत दार उचलतात. एक्स्टेन्शन स्प्रिंग बाजूच्या रुळांलगत ताणली जाते. ती तुटून भिरकावली जाऊ नये म्हणून तिच्या पोटातून सुरक्षा-तार ओवतात. दाराचा बहुतेक भार स्प्रिंगच पेलते, मोटर केवळ हलका रेटा देते.

साध्या स्प्रिंगचे आयुष्य सुमारे 10,000 उघडझापी धरतात; दिवसाला चार म्हणजे जेमतेम सात वर्षे. धातूचा शिणवटा [→ धातुविज्ञान] आणि गंज ही तुटण्याची प्रमुख कारणे. बार उडाल्यासारखा आवाज, वेटोळ्यांत पडलेली फट, एकाएकी जड झालेले दार या स्प्रिंग तुटल्याच्या खुणा. अशा वेळी मोटर चालवू नये.

नवी टॉर्शन स्प्रिंग घेताना तारेची जाडी, वेटोळ्याचा आतला व्यास, लांबी व पिळाची दिशा जुळावी लागते. जोडीतल्या दोन्ही एकदम बदलतात, कारण दोन्ही सारख्याच झिजलेल्या असतात. पीळ पाव-पाव फेऱ्यांनी, मापाच्या पोलादी सळयांनीच भरतात. तेथे स्क्रूड्रायव्हर वापरणे घातक असते. तो निसटल्यास हाड मोडू शकते. त्यामुळे हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.

मोटरपासून सोडवून अर्ध्यावर उचललेले दार जागच्या जागी थांबले, तर पीळ बरोबर भरला आहे.