अंगठ्याचे टक्के

धुळे–सोलापूर महामार्गावरचं, वाशी तालुक्यातलं तेरखेडा मराठवाडाभर फटाक्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. शोभेची दारू भरायची ती हातानं. भडका उडाला की आधी बोटं जातात, डोळे जातात. जखम भरते. मग एका कागदावर ‘कायमचं अपंगत्व’ असं लिहून येतं आणि पुढे टक्क्यांचा आकडा.

या आकड्याचं मूळ कामगार नुकसानभरपाई कायद्यात आहे. साल १९२३, अंमल १ जुलै १९२४ पासून. तेव्हा केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडायला ना. म. जोशी होते. कायद्याच्या शेवटी एक तक्ता जोडला होता. कोपरापासून उजवा हात गेला तर ७०, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, ठार बहिरेपण ५०. आजच्या तक्त्यात डावं-उजवं उरलेलं नाही. अंगठा ३०वर आणि डोळा ४०वर गेला, तर बहिरेपण थेट १००वर. माणसाचा अंगठा तेव्हा होता तेवढाच आज आहे. वाढला तो आकडा, आणि मला वाटतं, तो अजूनही कमीच आहे. कारण तक्ता मोजतो ती कमाईतली घट. वेदना त्यात कुठेच धरलेली नाही. महिना १५,००० मजुरीच्या पंचवीस वर्षांच्या मजुराचा अंगठा गेला, तर मजुरीचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक २१६.९१, त्याचे ३० टक्के: सुमारे ५ लाख ८६ हजार रुपये.

या तक्त्यात मनाची एकही ओळ नाही. मानसिक आजार अपंगत्वात मोजला गेला तो १९९५च्या कायद्यानं, सात प्रकारांपैकी एक म्हणून. मोजायची पट्टी आली २००२ला: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आजार किती वर्षांचा, याचेही गुण वेगळे. दोन वर्षांच्या आतला असेल तर एक, दहा वर्षांपुढचा असेल तर चार. २०१६च्या कायद्यानं प्रकार २१ केले.

अपंगत्वाचा दाखला ‘कायमचा’ मिळतो तो फरक पडायची शक्यता नसेल तरच. नाहीतर त्यावर मुदत पडते. तुटलेल्या बोटाचा निकाल एका तपासणीत लागतो. स्फोटानंतर काडी ओढल्याच्या आवाजानंही दचकणाऱ्या माणसाला मात्र मुदत संपली की पुन्हा जाऊन आपली भीती सांगावी लागते, आणि त्यासाठी बुडालेली मजुरी कुठल्याच तक्त्यात नाही.