एसटी थांबते तिथून पुढची राई

देवाच्या नावाने राखलेले रान म्हणजे देवराई. कोकणात तिला देवरहाटी म्हणतात. काळकाई, वाघजाई, भैरव, म्हसोबा असे कुणीतरी दैवत तिथे असते. अनेक ठिकाणी त्याला मूर्तीही नसते, शेंदूर लावलेला तांदळा असतो. नियम गावागणिक थोडे बदलतात, पण गाभा एकच: कुऱ्हाड लावायची नाही. काही रायांतून वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड हवे असेल तर आधी देवाला कौल लावावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या या नियमामुळे राईत कवेत न मावणारे बेहडे आणि आंबे उभे राहिले, माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली चढल्या आणि पालापाचोळ्याच्या थराखाली झरे टिकले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तेव्हाही ही हिरवी बेटे राहिली. सह्याद्रीचे जुने जंगल कसे होते हे पाहायचे तर आज बहुतेक ठिकाणी देवराईतच जावे लागते.

यातल्या पुष्कळ राया घाटमाथ्याच्या कडेला आहेत. आंबेगाव, जुन्नर, मावळ, राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांत पश्चिमेकडची शेवटची गावे कड्यावर वसली आहेत आणि तिथून पायवाटा कोकणात उतरतात. मोटारी येण्याआधी याच पायवाटा हमरस्ते होत्या. मीठ आणि सुकी मासळी वर यायची, धान्य आणि हिरडा खाली जायचा; ओझे बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. या वाटांनी गाडी जात नसल्यामुळे मोठे ओंडके बाहेर काढणे अवघड होते. धर्मश्रद्धेइतकाच या अडचणीचाही रानाला आधार होता, हे विसरून चालणार नाही.

एकोणिसाव्या शतकात लाकडाची मागणी एकदम वाढली. १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. १८५३ साली मुंबई–ठाणे रेल्वे धावली, मग बोरघाट आणि थळघाट चढून लोहमार्ग देशावर गेला आणि स्लीपरांसाठी झाडे पडू लागली. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले, डोंगरउतारावरची फिरती शेती बंद करण्याचा रेटा आला. गावाने सांभाळलेली राई या वर्गवारीत नीट बसली नाही. ती कुठे वनखात्याकडे गेली, कुठे महसुलात, तर कुठे खासगी मालकीत. राखणारे गाव आणि कागदावरचा मालक यांची फारकत तेव्हापासूनची आहे.

डोंगरातली गावे मोटारीला जोडली गेली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी मोठ्या रस्त्यांवर धावत. आडगावाच्या वाट्याला त्या क्वचितच येत. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी बस सुटली आणि राज्य परिवहनाची सुरुवात झाली. १९५० च्या कायद्याने महामंडळांना आधार मिळाला आणि १९६० मध्ये राज्य झाल्यावर या सेवेला आजचे नाव मिळाले. ‘रस्ता तिथे एसटी’ हे पुढचे धोरण डोंगरी तालुक्यांसाठी फार महत्त्वाचे ठरले. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली मुक्कामी गाडी रात्री शेवटच्या गावात थांबायची, चालक-वाहक देवळात किंवा शाळेत झोपायचे आणि पहाटे तीच गाडी शाळेची पोरे, आजारी माणसे आणि बाजाराचे ओझे घेऊन परत फिरायची. घाटमाथ्यावरच्या गावाला दवाखाना आणि हायस्कूल मिळाले ते या गाडीमुळे.

मात्र ज्या रस्त्याने एसटी आली त्याच रस्त्याने कोळशाचा ट्रकही आला. पानशेत आणि वरसगावच्या धरणांसाठी दुर्गम खोऱ्यांत रस्ते झाले, तेव्हा शहरातल्या कोळशाच्या व्यापाऱ्यांना तिथली झाडी पहिल्यांदाच हाताशी आली. धरणाने शेती बुडालेल्या, पैशाची निकड असलेल्या शेतकऱ्यांकडून झाडे मातीमोल भावाने घेतली गेली आणि जागोजाग भट्ट्या लागल्या. गावे विस्थापित झाली की देवही हलतो आणि राईचा राखणदार उरत नाही. त्या खोऱ्यांतल्या अनेक राया अशाच गेल्या.

याच काळात अभ्यासकांचे लक्ष देवरायांकडे वळले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात पुणे परिसरातल्या मातृदेवतांच्या स्थानांचा शोध घेतला आणि देवरायांची मुळे शेतीपूर्व काळापर्यंत नेली. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात गावोगाव हिंडून रायांची नोंद केली. त्यांचे १९७५ आणि १९७६ चे लेख हा या विषयाचा पाया मानला जातो. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या काळकाईच्या राईवर तोडीचे संकट आले, तेव्हा गावकऱ्यांनी याच अभ्यासकांकडे धाव घेतली. जे काम देवाच्या धाकाने होत होते, त्यासाठी आता शास्त्रज्ञाच्या शब्दाची जोड लागू लागली होती.

एसटीने जाऊन पायी पाहण्याजोग्या जुन्या रानांत भीमाशंकर सर्वांत ओळखीचे. ज्योतिर्लिंगामुळे तिथे यात्रा जुनी, शिवरात्रीला जादा गाड्याही जुन्या. पुण्याहून खेड, मंचर, घोडेगाव करत गाडी वर जाते. देवळाभोवतीचे दाट जंगल १९८५ साली अभयारण्य झाले. शेकरू इथली खूण. देवळापासून रानातून गुप्त भीमाशंकराकडे आणि नागफणीच्या कड्याकडे वाटा जातात. गणेश घाटाने किंवा अवघड शिडी घाटाने खाली उतरले की कर्जत तालुक्यातले खांडस लागते आणि तिथून कर्जतची एसटी मिळते. एका गाडीने वर, दुसरीने परत आणि मधला सह्याद्री पायी, असा हा प्रवास आहे. खासगी वाहन घेऊन गेलेल्याला तो करता येत नाही, कारण त्याला गाडीपाशी परत यावेच लागते.

उत्तरेला आहुपे. घोडेगावहून येणारी गाडी इथे संपते. महादेव कोळी समाजाच्या या गावाने भैरवनाथाची राई राखली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला परिसरात बाळहिरडा गोळा होतो. रान राखण्यामागे श्रद्धेबरोबर हे उत्पन्नही आहे. आहुपे घाटाने उतरणारा खोपिवलीला पोचतो आणि मुरबाडची गाडी धरतो. जुन्नरहून आंबे-हातवीजच्या बाजूला गेले की दुर्गवाडीची राई आहे. मावळातल्या आजिवलीच्या राईत भेरली माडांची दाटी आहे, आणि माड न तोडता त्यांची माडी काढण्याची रीत गावाने बसवली आहे.

काही जुनी जंगले देवाने नव्हे, राजाने राखली. जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान म्हणजे फणसाड. १९८६ साली ते अभयारण्य झाले. रेवदंडा–मुरूड रस्त्यावर सुपेगावला उतरून आत चालत जाता येते. पाणवठ्याला तिथे गाण म्हणतात, आणि फणसाडगाणावरूनच रानाचे नाव पडले. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीच्या जंगलातून दाजीपूर आले. १९५८ साली गव्यांसाठी ते राखीव झाले. राधानगरीवरून फोंडाघाटाकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्या वेशीवरून जातात.

डोंगरभटक्यांच्या संस्था वाढल्या त्या या गाड्यांच्या भरवशावर. शनिवारी रात्री निघून पहाटे गावात उतरणे आणि रविवारी शेवटची गाडी गाठणे, हे त्यांचे ठरलेले वेळापत्रक होते. खासगी मोटारी आणि वडापच्या जिपा वाढल्यावर अनेक फेऱ्यांचे प्रवासी घटले. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात ग्रामीण सेवा महिनोन्‌महिने बंद पडली. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाल्यावर गाड्यांत पुन्हा गर्दी दिसू लागली. घाटमाथ्याच्या गाडीची वेळ आजही गावाच्या सोयीने ठरते: सकाळी तालुक्याला नेणारी, संध्याकाळी घरी आणणारी. राई पाहायला जाणाऱ्याने आगारात वेळ विचारून निघावे, परतीची गाडी शेवटची असेल हे धरून चालावे, आणि राईत शिरण्यापूर्वी गावात विचारावे. चपला कुठे काढायच्या, कुठल्या टप्प्यापुढे जायचे नाही, हे गावच सांगते.