उधाण कळलं होतं, निरोप पोचला नव्हता

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग शिकवावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे पंचांग त्याच्या अंगातच मुरलेलं असतं. इथे इंग्लंडमध्येही चंद्र तोच आणि गणित तेच. कुठल्या बंदरात किती वाजता किती पाणी चढणार याचे तक्ते इथे फार पूर्वीपासून वर्षभर आधी छापले जातात. मग १९५३ सालच्या एका रात्रीत याच देशात समुद्राने ३०७ माणसं कशी नेली, हा प्रश्न माझ्यातल्या इंजिनियरला बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर वाचलं आणि वाटलं, हे तुम्हालाही सांगायलाच हवं.

तारीख ३१ जानेवारी १९५३, वार शनिवार. पौर्णिमा होऊन दोनेक दिवस झालेले, म्हणजे उधाणाचेच दिवस. पण हे उधाण काही विक्रमी नव्हतं. गडबड केली ती वादळाने. स्कॉटलंडच्या उत्तरेकडून एक खोल कमी दाबाचा पट्टा उत्तर समुद्रात उतरला. हवेचा दाब एक मिलिबार घटला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर वर येते. पण हा झाला किरकोळ भाग. खरा जोर वाऱ्याचा. उत्तर समुद्र नकाशात पाहिलात तर नरसाळ्यासारखा दिसेल: वर रुंद आणि खोल, खाली अरुंद आणि उथळ. उत्तरेच्या वाऱ्याने पाणी या नरसाळ्यात ढकललं. पुढे जायला वाट नाही, मग ते वर चढणार नाही तर काय करणार? काही ठिकाणी पाणी तक्त्यातल्या आकड्यापेक्षा अडीच मीटरहून जास्त चढलं.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. उत्तर समुद्रातली भरती सगळीकडे एकदम येत नाही. ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जाते आणि वादळाचं पाणी तिच्या जोडीने जातं. म्हणजे हे संकट चक्क वेळापत्रकाप्रमाणे प्रवास करत होतं! दुपारीच आयरिश समुद्राच्या तोंडाशी 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' ही फेरीबोट बुडून १३३ माणसं गेली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास लिंकनशायरचे बांध फुटले. साडेसातच्या आसपास हंस्टंटनहून निघालेल्या आगगाडीला पाण्यावर तरंगत आलेला एक बंगला येऊन धडकला. फेलिक्स्टो गावात पाणी मध्यरात्रीच्या सुमारास शिरलं. आणि टेम्सच्या मुखावरच्या कॅन्व्ही बेटावर रात्री एकच्या सुमारास.

सात ते एक. सहा तास!

या सहा तासांत कॅन्व्हीची माणसं काय करत होती? झोपली होती. हे बेट म्हणजे आपल्याकडच्या खार जमिनीसारखं, सतराव्या शतकात डच लोकांनी बांध घालून समुद्राकडून मिळवलेलं. जमीन भरतीच्या पातळीहून खाली, त्यावर बैठी घरं. बांध फुटल्यावर माणसं रात्रीच्या कपड्यांत छपरांवर चढली. तिथे ५८ जण गेले. काही बुडाले, काही जानेवारीच्या थंडीत गारठून गेले.

उत्तरेकडच्या किनाऱ्यावर काय घडतंय ते दक्षिणेला का कळलं नाही? कारण ते कळवायचं काम कुणाचंच नव्हतं. प्रत्येक काउंटीचे पोलीस आणि नदी मंडळं आपापलं गाव वाचवण्यात गुंतलेली. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. त्यात शनिवारची रात्र, कचेऱ्या बंद. सगळ्या किनाऱ्याला एकत्र इशारा देणारी व्यवस्थाच देशात नव्हती.

हॉलंडमध्ये तर १८३६ माणसं गेली. तिथल्या हवामान खात्याने धोक्याचा इशारा दिला होता, पण तो फार थोड्यांपर्यंत पोचला आणि रात्री बारा वाजता रेडिओ नेहमीप्रमाणे बंद झाला. बांध बुटके आहेत हे योहान फान फेन नावाचा सरकारी इंजिनियर आधीपासून सांगत होता. त्याचंही कुणी मनावर घेतलं नव्हतं.

यानंतर हॉलंडने प्रचंड डेल्टा प्रकल्प उभारला. लंडनने टेम्सवर दरवाजे बसवायचं ठरवलं, पण बंदरात जाणाऱ्या मोठ्या जहाजांना वाट किती रुंद ठेवायची यावर वर्षानुवर्षं खल झाला. १९६७ साली हर्मन बाँडी या गणितज्ञाच्या अहवालाने गाडी पुढे सरकली, १९७२ साली कायदा झाला आणि वुलिचजवळचं टेम्स बॅरियर १९८२ साली कामाला लागलं. रुंदी ५२० मीटर, दरवाजे दहा. मधले चार प्रत्येकी ६१ मीटरचे, एरवी नदीच्या तळाशी आडवे पडून असतात आणि वेळ आली की फिरून वर उभे राहतात. आजवर ते दोनशेहून जास्त वेळा बंद झालंय. इंजिनियर म्हणून ते पाहताना छाती फुगते, हे कबूल.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुराच्याच वर्षी, १९५३ मध्ये, सुरू झालेलं साधं काम: भरती आणि वादळ यांचा एकत्र हिशेब करून किनाऱ्याला इशारा देणारी सेवा. हे बॅरियरसुद्धा त्या अंदाजाशिवाय लोखंडाचा ढीगच. ते भरती चढायच्या आत, ओहोटीनंतर लवकर बंद करावं लागतं, म्हणजे कित्येक तास आधी माहीत हवं. ५ डिसेंबर २०१३ रोजी तसंच पाणी पुन्हा आलं, काही ठिकाणी १९५३ पेक्षाही उंच. घरं बुडाली, पण हजारो लोकांना आधीच हलवलेलं होतं. १९५३ ची पुनरावृत्ती झाली नाही.

मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात, ते चांगलंच आहे. पण चंद्र सांगतो ते अर्धंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि समुद्राला भरती असताना नाल्यांतलं पाणी बाहेर जाणार कुठे? भरती आणि पाऊस यांची बेरीज कुणीतरी करायची, आणि मुख्य म्हणजे ती झोपलेल्या माणसापर्यंत वेळेत पोचवायची.

भिंत बांधायला लंडनला जवळजवळ तीस वर्षं लागली. निरोप पोचवायला एक टेलिफोन आणि तो करायची जबाबदारी असलेला एक माणूस पुरला असता.